तुला काय दिसतंय?

पालकसभा संपली की काही आईबाबा थोडा वेळ रेंगाळतात. चित्रकलेच्या बाईंना मार्कांचं काही विचारायचं नसतं, त्यामुळे बोलणं मोकळं होतं. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं आणि ते बोलताना आवाज जरा खाली येतो. ‘‘बाई, मुलांना म्युझियममध्ये न्यावंसं वाटतं हो, पण आम्हालाच चित्रातलं काही कळत नाही. आम्ही त्यांना काय सांगणार?’’

आज त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. आपल्यापैकी बहुतेकांना चित्र बघायला कुणी शिकवलंच नाही. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास, अशीच आपली शाळा होती. मोठेपणी ती दगडी इमारत, काचेची कपाटं, पाट्यांवरची अवघड नावं बघून दडपण येतं आणि आपलं अज्ञान मुलासमोर उघडं पडेल असं वाटतं. ही भीती मनातून काढून टाका. मुलाला घेऊन चित्रासमोर उभं राहायला आधी काही कळावं लागत नाही. थोडा वेळ लागतो आणि त्याच्याबरोबर बघायची तयारी लागते, बस.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मे महिन्याच्या सुट्टीत भरपूर कुटुंबं येतात. त्यांच्याकडे बघत उभं राहायला मला आवडतं. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरची, भाजल्या मातीची एक मूर्ती तिथे आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. हातात कमळ धरून एक पुरुष उभा आहे. एकदा तिच्यासमोर सात-आठ वर्षांची एक मुलगी थबकली होती. तिने आपला हात उचलला, बोटं त्या मूर्तीसारखी वळवली, जमलं नाही म्हणून पुन्हा वर बघितलं, मनगट थोडं आत घेतलं, पुन्हा बघितलं. अदृश्य कमळ हातात धरून ती उभी राहिली होती. वडील पाटी वाचून पुढच्या कपाटाशी पोचले होते. त्यांनी हाक मारली, ‘‘चल गं, अजून वरचे मजले राहिलेत. फोटो काढलाय मी त्याचा.’’ आणि ती धावत गेली.

वडील मायेचेच होते. लांबून लोकलने आले असतील, तिकिटं काढली होती, सगळं दाखवून व्हावं असं कुठल्याही बापाला वाटणारच. पण त्या दिवशी त्या दालनात सगळ्यात नीट बघत होती ती ही मुलगी. बोटं अशी वळवायची तर मनगट कुठे येतं, हे तिने स्वतःच्या हाताने शोधून काढलं होतं, आणि मूर्तिकाराला नेमकं तेच शोधावं लागलं असणार. तिला आणखी दोन मिनिटं हवी होती, एवढंच.

किती वेळ बघतो आपण एका चित्राकडे? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी नामवंत चित्रांपुढे थांबणाऱ्या लोकांचा वेळ मोजला. 2001 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. सरासरी निघाली 27 सेकंद, आणि निम्मी माणसं तर 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकली होती. काही वर्षांनी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा मोजलं तेव्हाही आकडे जवळपास तेच आले. फरक एवढाच, की आता लोक चित्राकडे पाठ करून सेल्फीही घेत होते. जी चित्रं बघायला माणसं समुद्र ओलांडून येतात त्यांच्या वाट्याला एवढा वेळ! आपल्याकडे याहून वेगळं चित्र असेल असं मला दालनांत उभं राहून कधी वाटलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट सांगते. हार्वर्ड विद्यापीठात जेनिफर रॉबर्ट्स या कलेचा इतिहास शिकवतात. आपल्या विद्यार्थ्यांना त्या एकाच चित्रासमोर तीन तास बसायला लावतात. विद्यार्थी आधी कुरकुरतात. बाईंनी स्वतःही तसं करून पाहिलं आहे, बोस्टनच्या संग्रहालयातल्या जॉन सिंगलटन कॉप्ली यांच्या 1765 सालच्या चित्रासमोर. टेबलाशी बसलेला एक मुलगा, त्याच्या हातात बारीक साखळी, साखळीला बांधलेली पाळीव खार, समोर पाण्याचा पेला. नऊ मिनिटं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या पांढऱ्या लवेचा आकार एकमेकांशी जुळतात. एकविसाव्या मिनिटाला दिसलं, साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पेल्याच्या तोंडाएवढंच आहे. पाऊण तासानंतर मागच्या पडद्याच्या चुण्यांत मुलाचा कान आणि डोळा पुन्हा उमटलेले दिसले. या बाई कलेच्या जाणकार, डोळा तयार झालेला, तरी त्यांनाही हे पहिल्या मिनिटाला दिसलं नव्हतं. म्हणजे ‘आम्हाला काही कळत नाही’ असं आपण म्हणतो, त्यातला मोठा भाग ‘आम्ही थांबलोच नाही’ हाच असतो.

मुलाला तीन तास बसवा असं मी मुळीच म्हणणार नाही. तीन मिनिटं मिळाली तरी खूप झाली. पण त्या तीन मिनिटांत आपण काय बोलायचं?

अमेरिकेतच अबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी याच प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. येनावाइन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळायचे. माणसं चित्र बघताना मनात काय काय येतं, हे हाउसन त्यांना बोलतं करून टिपून घ्यायच्या. दोघांनी मिळून जी पद्धत बसवली तिच्यात मोठ्यांनी फक्त तीन प्रश्न विचारायचे असतात. या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय सापडतंय? चित्रकाराचं नाव, साल, शैली यातलं काही नाही, आणि ‘बरोबर’, ‘चूक’ असा शेराही नाही. माझ्या वर्गात मी हे प्रश्न वापरते आणि त्यातला दुसरा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘कशावरून?’ म्हटलं की मूल पुन्हा चित्राकडे वळतं. आपल्या म्हणण्याचा पुरावा त्याला चित्रातच शोधावा लागतो.

म्हैसूरच्या सहलीला बरीच मराठी कुटुंबं जातात. तिथल्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात ते प्रसिद्ध चित्र आहे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं. माझ्या भाच्याला मी ते दाखवायला नेलं तेव्हा आमचं झालेलं बोलणं असं होतं.

‘‘काय चाललंय रे चित्रात?’’

‘‘एक बाई दिवा घेऊन चाललीय. घरात नाहीये ती, बाहेर आहे.’’

‘‘कशावरून?’’

‘‘वारा आहे ना.’’

‘‘वारा कुठे दिसला तुला?’’

‘‘अगं, तिने हात आडवा धरलाय की. विझेल म्हणून.’’ मग जरा जवळ जाऊन म्हणाला, ‘‘बोटं बघ तिची, लाल झालीयेत. माझी पण होतात, बॅटरी लावली की.’’

चित्रात वारा कुठेच काढलेला नाही, तो या मुलाला एका हातावरून सापडला. मी पाठ केलेली माहिती आधीच सांगून टाकली असती, तर त्याने मान डोलावली असती आणि आम्ही पुढे गेलो असतो. बोटांमधून झिरपणाऱ्या त्या उजेडापाशी तो पोचल्यावर मग मी सांगितलं, की हे चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं. त्यांनी आपल्या मुलीलाच असं दिवा धरून उभं केलं होतं. अनेकांना हे राजा रविवर्म्याचं चित्र वाटतं, पण ते हळदणकरांनी 1945-46च्या सुमाराला जलरंगात काढलं. जलरंग म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे झाले, कारण जलरंगात एकदा गडद झालं की मागे फिरता येत नाही, हे त्याने शाळेत कागद फाडून फाडून अनुभवलंय. आता माहितीला चिकटायला जागा तयार झाली होती. तुम्हाला हे नावगाव माहीत नसलं तरी अडत नाही. त्याने विचारलं की दोघं मिळून पाटी वाचा, तिथे नसेल तर घरी येऊन शोधा. ‘मलाही माहीत नाही, चल बघू या’ हे आईच्या तोंडून ऐकणं मुलाला फार आवडतं.

अशा भेटींनी खरंच काही होतं का, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल नावाच्या छोट्या गावात 2011 साली क्रिस्टल ब्रिजेस हे मोठं कलासंग्रहालय सुरू झालं. शाळांच्या सहलींसाठी इतके अर्ज आले, की चिठ्ठ्या टाकून निवड करावी लागली. संशोधकांनी ही संधी साधली आणि गेलेल्या व न गेलेल्या मिळून जवळजवळ 11 हजार मुलांची तुलना केली. नंतर एखादं नवं चित्र समोर ठेवलं तर, सहलीला गेलेली मुलं त्याबद्दल जास्त बारकाईने बोलत होती. दुसऱ्या काळातली माणसं कशी जगली असतील याची कल्पना त्यांना जास्त करता येत होती. तिथल्या एका चित्रात गुलामगिरीविरोधी माणसं मेपलच्या झाडाचा पाक करताना दाखवली आहेत, कारण उसाची साखर गुलामांच्या कष्टावर निघायची. कित्येक आठवड्यांनंतरही हे चित्र पाहिलेल्या दहातल्या जवळपास नऊ मुलांना ती गोष्ट आठवत होती, आणि ती कुणी परीक्षेसाठी घोटून घेतलेली नव्हती. सगळ्यात जास्त फायदा झाला तो खेड्यांतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना.

हे वाचलं तेव्हा मला औंध आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या या गावी यमाईच्या डोंगरावर चढताना वाटेत श्रीभवानी चित्रसंग्रहालय लागतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते 1938 मध्ये उभं केलं. सूर्यनमस्कार घरोघरी पोचवणारे ते हेच. या आडगावात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडवलेली आई आणि मूलही आहे. आसपासच्या तालुक्यांतल्या पालकांना मी कळकळीने सांगते, देवीच्या दर्शनाला जाता तेव्हा वाटेत थांबत जा. आपल्या पणज्यांच्या घरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी होत्या, त्यातल्या कितीतरी लोणावळ्याजवळच्या मळवलीला रविवर्म्याच्या छापखान्यात छापलेल्या. छापील तसबीर गुळगुळीत असते. मूळ चित्राजवळ गेलं की रंगाचा थर, कुंचल्याचा फटकारा, साडीच्या काठावर टेकवलेला रंगाचा ठिपका दिसतो. हे कुणातरी माणसाने हाताने केलंय, हे मुलाला तिथे कळतं. फोनवर कितीही मोठं करून बघितलं तरी ते कळत नाही.

फोनचा विषय निघालाच आहे तर बोलू या. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात एक प्रयोग केला. काही वस्तू लोकांनी नुसत्या बघायच्या होत्या आणि काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्याकडे सोपवलं म्हणून मनाने ते काम सोडून दिलं. पण ज्यांना वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपायला सांगितलं होतं, त्यांची आठवण पक्की राहिली. म्हणून फोन मुलाच्या हातात द्यायचाच असेल तर सांगा, अख्ख्या दालनात एकच फोटो, आणि तोही तुला आवडलेल्या एवढ्याशा भागाचा. मग तो एवढासा भाग शोधायला त्याला सगळं दालन निरखावं लागतं.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. आजी-आजोबांना बरोबर घेऊन जा. महिषासुरमर्दिनीच्या दगडी मूर्तीसमोर आजी आपोआप हात जोडते. कधी चप्पल काढायला वाकते. अशा वेळी सुना-मुलं संकोचतात, ‘‘आई, इथली पूजेची नाही हो’’ असं हळूच सांगतात. सांगू नका. शेकडो वर्षं माणसांनी त्या मूर्तीकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर अजून आपल्या घरात शाबूत आहे, आणि नातवंडाला ती आजीकडून मिळतेय. आजी मूर्तीचा चेहरा बघते, पाय बघते, पुन्हा चेहऱ्याकडे येते, डोळे मिटते, उघडते. त्या संशोधकांच्या 17 सेकंदांपेक्षा तिचा वेळ कितीतरी मोठा असतो. मग नातू तिला विचारतो, रेड्यातून माणूस का बाहेर येतोय, आणि ती गोष्ट सांगायला लागते. पाटीवरची माहिती त्यानंतर वाचली तरी चालते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर आजीचंच राज्य असतं. तिथले अडकित्ते, समया, पाय घासायच्या वज्र्या बघून ती बोलत सुटते. आमच्याकडे असला होता, माझ्या आत्याने मोडला... अकाली गेलेल्या आपल्या लेकाच्या नावाने दिनकर केळकरांनी हा सगळा संसार जमवला, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा.

एक अवघड जागाही आहे. उघड्या अंगाचा पुतळा दिसला की मुलं खिदळतात आणि आईबाबा घाईने पुढे ढकलतात. 2017-18 मध्ये ब्रिटिश म्युझियममधला थाळीफेक करणारा संगमरवरी तरुण मुंबईच्या संग्रहालयात आला होता. कितीतरी पालक त्याच्यासमोरून मुलांना ओढत नेताना मी पाहिले. खरं तर मुलं दोन मिनिटांत हसून मोकळी होतात. ‘‘हो, कपडे नाहीयेत. फार पूर्वी काही देशांत खेळाडू तसेच खेळायचे. आता बघ, थाळी सुटायच्या आधी त्याचं सगळं वजन कुठल्या पायावर आहे?’’ एवढं साध्या आवाजात विचारलंत की मूल पायाकडे बघायला लागतं, स्वतः तसं उभं राहून पाहतं. आपण ओढून नेलं तर मात्र तिथे काहीतरी वाईट होतं, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

थकव्याचंही सांगते. बेंजामिन गिलमन नावाच्या गृहस्थांनी 1916 साली ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला होता. कपाटातल्या वस्तू बघताना माणसाला किती वाकावं, उकिडवं व्हावं, मान वर करावी लागते हे त्यांनी चक्क फोटो काढून दाखवलं. मोठ्यांचे हे हाल, तर साडेतीन फुटांच्या मुलाचं काय? एकदा त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून चित्राकडे बघा. बऱ्याचदा काचेवर दिव्याची तिरीप दिसते आणि चित्र दिसतच नाही. ‘बघ ना नीट’ म्हणून आपण रागावत असतो तेव्हा त्याला समोर नुसता उजेड दिसत असतो. उचलून घ्या, किंवा दोन पावलं बाजूला उभं करा. लघुचित्रांच्या दालनात मंद उजेड का, असं तो विचारेल. प्रखर उजेडाने कागदावरचे रंग कायमचे उडतात म्हणून. हे कळलं की अंधाराची कुरकुर थांबते आणि काळ्या ढगांतून जाणारी बगळ्यांची बारीक पांढरी रांग शोधायला तो काचेला नाक लावतो. एक-दोन दालनं झाली की बाहेर पडा, डबा खा. मूल अजून थांबू म्हणत असताना निघालात तर फारच छान.

आणि कृपा करून घरी येऊन ‘मी पाहिलेले संग्रहालय’ असा निबंध लिहायला बसवू नका. त्याला काही आवडलं नाही तर तसं म्हणू द्या. ‘काय आवडलं नाही?’ याचंही उत्तर शोधताना तो चित्र पुन्हा बघतोच.

मुंबईतले तुम्ही सगळे मुलांना राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला नेता. तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात दगडाचा मोठा हत्ती उभा आहे. मुलं त्याच्याभोवती फिरतात आणि अंगावरच्या जोडाच्या रेषा बघून विचारतात, हा तुटला होता का? हो, तुटला होता. हा घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तेव्हा उचलताना यारी मोडली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते पुन्हा जोडले गेले. ही सगळी गोष्ट त्या रेषेत आहे, आणि रेष दिसली ती मुलाला.

जहांगीर आर्ट गॅलरीही लक्षात ठेवा. तिकीट नाही, आणि पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेले असतात. मुलाला त्यांच्याशी बोलू द्या. आकाश हिरवं का काढलं, असं तो थेट विचारेल आणि तुम्हाला कानकोंडं होईल, पण चित्रकारांना असे प्रश्न विचारणारं फार कुणी भेटत नाही.

पुढच्या सुट्टीत नवं ठिकाण शोधण्याआधी गेल्या वेळच्याच दालनात एकदा परत जा. दारातून आत शिरल्यावर तो आधी कुठल्या चित्राकडे धावतो ते बघा आणि त्याच्या मागोमाग जा.